पोळी-भाजी केंद्र उघडण्याआधी: किती लागतात, किती सुटतात

नवा धंदा सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘भांडवल किती लागेल?’ आणि दुसरा, ‘कर्ज कुठून मिळेल?’ हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण ते फार लवकर विचारले जातात. त्यांच्या आधीचा प्रश्न असा: एक गिऱ्हाईक येऊन पैसे देऊन गेलं, तर त्याच्यामागे हातात किती सुटतात, आणि महिनाभर शटर उघडं ठेवायला अशी किती गिऱ्हाइकं लागतात? याचं उत्तर कागदावर मांडलं, की त्याला बिझनेस मॉडेल म्हणतात. माल कुणाला विकायचा, तो पैसे कधी देणार, माल त्याच्यापर्यंत कसा पोचणार, हे सगळं त्या उत्तरात येतं.

हे सविस्तर समजून घेण्यासाठी मी पोळी-भाजी केंद्र निवडलं आहे. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, कुठल्याही शहरात नोकरदार वस्तीत संध्याकाळी अशा केंद्रांपुढे रांग दिसते. ती रांग पाहूनच अनेक जण, विशेषतः घरी उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बायका, या धंद्यात उतरतात. काहींचं छान चालतं. काहींचं वर्षाच्या आत बंद होतं, आणि तेही पोळ्या चांगल्या असताना. म्हणून हा हिशेब.

पुढे येणारे किमतींचे आकडे नमुन्यादाखल धरलेले आहेत. तुमच्या गावचा गव्हाचा भाव, भाडं, मजुरी वेगळी असेल. आकडे बदला, पण ओळी एकही गाळू नका.

एका पोळीचा हिशेब

एक किलो कणकेच्या मध्यम आकाराच्या तीस घडीच्या पोळ्या होतात असं धरू. गहू आणि दळण मिळून किलोला ४८ रुपये पडले, तर पोळीमागे कणीक १ रुपया ६० पैसे. तेल ३५ पैसे. गॅस ४० पैसे. पाच पोळ्यांच्या पाकिटाला २ रुपये, म्हणजे पोळीमागे ४० पैसे. पोळ्या करणाऱ्या बाईंना नगावर पैसे द्यायचे, नगाला २ रुपये. बेरीज ४ रुपये ७५ पैसे. काही पोळ्या करपतात, काही रात्री उरतात. त्यासाठी २५ पैसे. झाले ५ रुपये.

या पाच रुपयांत सगळ्यात मोठा वाटा कणकेचा नाही, हातांचा आहे. बहुतेक जण गव्हाच्या भावावर घासाघीस करतात आणि मजुरीचा विचार मागाहून करतात. पण पोळ्या करणारं कुशल माणूस टिकलं नाही तर हा धंदाच टिकत नाही. सणाच्या आठवड्यात, घरी लग्नकार्य असताना त्या बाई येणार नाहीत, तेव्हा कोण येणार, हे आधीच ठरलेलं हवं. दोन बायका धरून ठेवण्यासाठी नगाला पंचवीस पैसे जास्त द्यावे लागले तरी ते द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पोळी ८ रुपयांना विकली तर नगामागे ३ रुपये सुटतात.

आता भाजी. दीडशे ग्रॅमच्या सुक्या भाजीला निवडून, चिरून उरणारी भाजी १० रुपयांची, तेल-मसाला-दाण्याचं कूट ५ रुपये, गॅस दीड रुपया, झाकणाची डबी अडीच रुपये. झाले १९. संध्याकाळी उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकायची नसते, म्हणून तिच्यासाठी २ रुपये धरायचे. २१ रुपये. विक्री ४० रुपयांना, सुटले १९.

सरासरी गिऱ्हाईक पाच पोळ्या आणि एक भाजी नेतं असं धरलं, तर त्याने ८० रुपये दिले, त्यातले ४६ माल आणि हातमजुरीत गेले, आणि ३४ सुटले. हे ३४ रुपये नफा नव्हेत. त्यांतून अजून दुकान चालवायचं आहे.

शटर उघडं ठेवण्याचा खर्च

एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी महिन्याला जे द्यावंच लागतं, त्याची यादी करा. लहान गाळ्याचं भाडं १८,००० रुपये. भाज्या करणाऱ्या स्वयंपाकीणबाई १५,०००. निवडणं, चिरणं, भांडी यांसाठी मदतनीस १०,०००. वीज ३,०००. पाणी, फिनेल, फोन, किरकोळ दुरुस्ती २,०००. भट्टी, कणीक मळायचं यंत्र, फ्रीज, टेबलं आणि गाळ्यातलं फरशी-वायरिंग यांवर २ लाख ४० हजार गेले आणि ते पाच वर्षं टिकतील असं धरलं, तर महिन्याचा घसारा ४,०००. यंत्र मोडेल त्या दिवशी नवं घ्यायला पैसे असावेत म्हणून हे चार हजार खरोखर बाजूला काढायचे असतात.

आणि तुमची स्वतःची मजुरी, २०,०००.

या ओळीपाशी थांबा. सकाळी मंडईत जाण्यापासून रात्री गल्ला मोजेपर्यंत तुम्ही दहा-अकरा तास उभे राहता. ‘आपल्याच दुकानात पगार कसला?’ असं म्हणून ही ओळ सर्रास गाळली जाते. घरच्या बाईने चालवलेल्या धंद्यात तर हमखास. ती गाळली की काय होतं ते पाहा. मजुरी धरून महिन्याचा खर्च ७२,००० होतो. भागिले ३४, म्हणजे महिन्याला २,११८ गिऱ्हाइकं. महिन्याचे सव्वीस दिवस दुकान उघडं राहिलं तर रोज ८२. मजुरी गाळली तर खर्च ५२,००० होतो आणि रोज ५९ गिऱ्हाइकांत सगळं भागल्यासारखं वाटतं. म्हणजे रोज सत्तर गिऱ्हाइकं येणारं दुकान कागदावर फायद्यात आणि प्रत्यक्षात मालकिणीच्या श्रमांवर चाललेलं. असं दुकान दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, आजारी पडता येत नाही, दुसरी शाखाही काढता येत नाही, कारण त्यात पगाराला जागाच नाही.

८२ गिऱ्हाइकं म्हणजे ४१० पोळ्या. सराईत हात तासाला शंभराच्या आसपास पोळ्या करतो. बरीचशी विक्री संध्याकाळी साडेसहा ते नऊमध्ये होते आणि लोकांना पोळी गरम हवी असते, म्हणून त्या वेळेत दोन तवे, दोन जणी लागतात. हे जमण्यासारखं आहे. दीडशे गिऱ्हाइकांचं स्वप्न असेल तर मात्र साडेसातशे पोळ्या, चार तवे आणि मोठा गाळा लागेल, आणि भाडं १८ हजारांवर राहणार नाही. ठरलेला खर्च असा टप्प्याटप्प्याने उडी मारतो, हे लक्षात ठेवून वाढीचा विचार करा.

रोज ८२ येतील की नाही हे कसं कळायचं? ज्या वस्तीत गाळा पाहत आहात, तिथल्या चालू केंद्रासमोर संध्याकाळी सहा ते नऊ उभं राहून माणसं मोजा. एक मंगळवार, एक शुक्रवार, एक रविवार. किती जण फक्त पोळ्या नेतात, किती जण भाजीही घेतात, हे टिपा. नुसत्या पाच पोळ्या नेणाऱ्यामागे १५ रुपये सुटतात, भाजीही घेणाऱ्यामागे ३४. निम्मी रांग पोळ्यांपुरतीच असेल तर ८२ चा आकडा कितीतरी वर जातो. या मोजणीला एक रुपया लागत नाही.

भावाचीही ताकद पाहून घ्या. पोळी ८ ऐवजी ९ रुपयांना विकली, तर गिऱ्हाइकामागे ३४ ऐवजी ३९ सुटतात आणि रोज ८२ ऐवजी ७१ गिऱ्हाइकांत भागतं. एका रुपयाने अकरा गिऱ्हाइकांचं ओझं उतरतं. म्हणून ‘सुरुवातीला स्वस्त देऊ, मग वाढवू’ हा सल्ला मला पटत नाही. स्वस्तासाठी आलेलं गिऱ्हाईक भाव वाढला की जातं. पोळी मऊ, भाजी ताजी आणि वेळ पक्की ठेवा, आणि पहिल्या दिवसापासून योग्य भाव लावा.

तीच चूल, वेगळी रचना

इथपर्यंत आपण काउंटरवरच्या विक्रीचाच विचार केला. पण त्याच हातांनी केलेला तोच स्वयंपाक आणखी किमान तीन तऱ्हांनी विकता येतो, आणि प्रत्येक तऱ्हेत पैशाची चाल निराळी आहे. माझ्या मते नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

पहिली तऱ्हा महिन्याच्या डब्याची. तीन पोळ्या, भाजी, आमटी, भात. महिन्याचे २,३०० रुपये, आगाऊ. पोळ्यांना पाकीट नाही आणि डबे मोजके असल्यामुळे उरत काही नाही, म्हणून पोळी ४ रुपये ३५ पैशांत होते. तीन पोळ्या १३ रुपये, भाजी साडेसोळा, आमटी ७, भात ६, डबा पोचवणाऱ्या मुलाला १२. धुण्याची पावडर धरून ५५. सव्वीस दिवसांचे १,४३० होतात, आणि एका डब्यामागे महिन्याला ८७० रुपये सुटतात.

हे घरच्या स्वयंपाकघरातून करता येतं, म्हणून गाळ्याचं भाडं नाही. स्वयंपाक तुम्हीच करता, त्याचे २०,००० धरा. मदतनीस १०,०००. वीज, डबे आणि भांड्यांचा घसारा, किरकोळ खर्च मिळून ४,५००. एकूण ३४,५००. चाळीस डब्यांत भागतं. घर भाड्याचं असेल तर भाड्याचा काही हिस्सा यात मिळवा.

सुरुवातीचं भांडवलही वेगळंच आहे. चाळीस जणांसाठी प्रत्येकी दोन आणि वर दहा, असे ९० स्टीलचे डबे ३५० रुपये दराने ३१,५००. मोठी शेगडी आणि पातेली २५,०००. पहिला किराणा १०,०००. सगळं सत्तर हजारांच्या आत. शिवाय महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ९२,००० रुपये हातात येतात.

इथे एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. ते ९२,००० तुमचे नाहीत. अजून न दिलेल्या जेवणाचे ते पैसे आहेत. त्यातून फ्रीज घेतला किंवा मुलांची फी भरली, तर वीस तारखेला भाजी आणायला पैसे उरत नाहीत. वेगळं बँक खातं काढा आणि दर आठवड्याला त्या आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे उचला. सुट्टीचे नियमही पैसे घेतानाच लेखी द्या: किती दिवस आधी कळवलं तर पैसे वळते होतील, किती दिवसांपर्यंत होणार नाहीत. विद्यार्थ्यांच्या वस्तीत मे महिना आणि दिवाळीची सुट्टी रिकामी जाते. वर्षाचा हिशेब बाराऐवजी दहा महिन्यांच्या विक्रीवर मांडला तर पुढे धक्का बसत नाही.

दुसरी तऱ्हा ॲपवरून विक्रीची. तुमचा तोच ८० रुपयांचा जिन्नस ॲपवर ८० लाच ठेवला आणि कमिशन २२ टक्के धरलं, तर कमिशनवरच्या १८ टक्के जीएसटीसह २० रुपये ७७ पैसे जातात. सांडणार नाही अशी पिशवी-डबी वरचे ६ रुपये. ३४ मधून हे वजा केले की उरतात ७ रुपये २३ पैसे. फक्त ॲपवर दुकान चालवायचं म्हटलं तर ७२,००० भागवायला रोज ३८० हून जास्त ऑर्डरी लागतील, म्हणजे एकोणीसशे पोळ्या. ते होणे नाही. म्हणून करारावर सही करण्याआधी तुम्हाला मिळालेला कमिशनचा दर या हिशेबात घालून पाहा, सवलतींचा भार कुणावर आहे ते विचारा, आणि ॲपवरचा भाव वेगळा ठेवता येतो का हे पाहा. दुपारच्या रिकाम्या वेळेत तवा गरम ठेवायला ॲप उपयोगी पडेल. संध्याकाळच्या गर्दीत मात्र सात रुपयांच्या ऑर्डरीसाठी चौतीस रुपयांचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवू नका.

तिसरी तऱ्हा, हॉटेलांना किंवा कँटीनना घाऊक पोळ्या देण्याची. समजा रोज ५०० पोळ्या, साडेपाच रुपये दराने. पोळी ४ रुपये ३५ पैशांत होते, १ रुपया १५ पैसे सुटतात, महिन्याचे जवळपास १५,०००. उत्पन्न कायमचं, उरण्याची भीती नाही. पण पैसे महिन्याने येतात. तोवर कणीक, तेल, गॅस आणि मजुरीचे ५६-५७ हजार तुम्ही तुमच्या खिशातून घातलेले असतात. घाऊक काम घेण्याआधी तेवढं खेळतं भांडवल वेगळं आहे का, एवढंच पाहायचं. पोळ्या करणाऱ्या बाईंना मात्र महिनाभर थांबवू नका. त्यांचं हातावर पोट असतं.

उधारीबाबत एक कायद्याचा आधार आहे, तो माहीत असावा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं आणि ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते. पाचशे पोळ्यांसाठी कुणी सहसा तक्रार करत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापलेली असली की बोलणं सोपं जातं.

रचना बदलली की तोच माल कसा निराळा धंदा होतो, याचं मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचाच पुढे लिज्जत पापड झाला. पापड तर घरोघरी होत होते. वेगळं होतं ते काम वाटून घेण्याची पद्धत: पीठ केंद्रावर भिजवायचं, बायकांनी ते घरी नेऊन लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, मजुरी घ्यायची आणि नवं पीठ न्यायचं. हजारो जणींना लाटायला जागा पुरवण्याचा खर्चच उरला नाही, आणि लाटणारी बाई नोकर न राहता संस्थेची सभासद झाली. तुमच्या हिशेबात सगळ्यात जड ओळ कोणती, आणि रचना बदलून ती हलकी होते का, हे शोधायला यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

प्रशिक्षणवर्गांत ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’ नावाचा नऊ चौकटींचा तक्ता भरायला देतात. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी तो लोकप्रिय केला. गिऱ्हाईक कोण, त्याच्यापर्यंत कसं पोचणार, पैसे कुठून येणार, खर्च कुठे होणार, असे प्रश्न एका पानावर येतात, म्हणून तो भरावा. पण त्यातल्या पैशांच्या दोन चौकटींत शब्दांऐवजी रुपये लिहा. शब्दांनी भरलेला तक्ता देखणा दिसतो आणि काहीच सांगत नाही.

गाळा घेऊन काउंटर टाकायचंच असेल तर

अनामत १ लाख (ही परत मिळते). यंत्रं, भट्टी, फ्रीज, भांडी १ लाख ८० हजार. फरशी, नळ, वायरिंग, धूर काढायचा पंखा ६० हजार. गॅसजोडणीची अनामत वगैरे १० हजार. पहिला किराणा १५ हजार. फलक आणि छपाई १५ हजार. बेरीज ३ लाख ८० हजार. लोक इथेच थांबतात. पण पहिल्या महिन्यापासून रोज ८२ गिऱ्हाइकं येत नाहीत, म्हणून तीन महिन्यांचा ठरलेला खर्च, २ लाख १६ हजार, हाताशी हवा. म्हणजे खरा आकडा सहा लाखांच्या घरात जातो. कणीक मळायचं यंत्र जुनं चांगलं मिळतं. फ्रीज मात्र जुना घेऊ नका, विजेचं बिल वाढतं आणि ऐन उन्हाळ्यात दगा देतो.

यातले २ लाख स्वतःचे आणि ४ लाख कर्ज धरू. मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ‘किशोर’, १० लाखांपर्यंत ‘तरुण’ असे गट आहेत आणि तारण लागत नाही. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी ४ लाखांचा हप्ता साधारण ८,७०० रुपये बसतो. चौतिसाने आणि मग सव्वीस दिवसांनी भागा: रोज आणखी दहा गिऱ्हाइकं. कर्ज घेणं वाईट नाही, पण ही दहा माणसं कुठून येणार हे सही करण्याआधी सांगता आलं पाहिजे.

अनुदानाच्या भरवशावर हिशेब मांडू नका. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात खुल्या प्रवर्गातल्या शहरी अर्जदाराला प्रकल्पखर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीणला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष प्रवर्गांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के अनुदान आहे. पण ते रोख हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. अनुदानाशिवाय जो धंदा तगतो, त्यालाच अनुदानाचा उपयोग होतो. प्रकल्प अहवालासाठी एजंटला हजारो रुपये देण्याआधी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या संकेतस्थळावरचे नमुना अहवाल पाहा. बँकांच्या ‘आरसेटी’ संस्थांत ग्रामीण तरुणांना प्रशिक्षण फुकट मिळतं.

कागदपत्रांचा खर्च

कागदपत्रांना पैसे फार लागत नाहीत, लुबाडले मात्र बरेच जातात. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन पुरतं. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं यासाठी शुल्क उकळतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते पाहा. दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिचं शुल्क नाममात्र आहे.

अन्नसुरक्षेची नोंदणी घरून चार डबे दिले तरी लागते. लहान व्यावसायिकाच्या मूळ नोंदणीला वर्षाला १०० रुपये. मोठ्या उलाढालीला राज्य परवाना, त्याचे वर्षाला काही हजार. मूळ नोंदणीची मर्यादा कित्येक वर्षं १२ लाख उलाढालीची होती. असे आकडे बदलतात, म्हणून अर्ज करताना ‘फॉसकॉस’ पोर्टलवरची त्या दिवशीची मर्यादा पाहून घ्या. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरायला मनाई आहे. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, आणि त्याचा भाव साधारणपणे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो.

जीएसटीचा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. रोज ८२ गिऱ्हाइकं, ८० रुपये, सव्वीस दिवस, बारा महिने: साडेवीस लाखांच्या जवळ उलाढाल होते. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे आणि तयार जेवण बांधून देणं हे उपाहारगृहाच्या सेवेतच मोडतं. म्हणजे जेमतेम भागायला लागलं की तुम्ही मर्यादेवर येता. कंपोझिशन योजना घेतली तर ५ टक्के कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तो तुमच्या ३४ मधून जातो. ३० उरतात, आणि रोज ९३ गिऱ्हाइकं लागतात. म्हणून हे ४ रुपये पहिल्या दिवसाच्या भावातच धरा. कोणती योजना घ्यायची हे कर सल्लागाराला विचारा; त्याची वार्षिक फी ठरलेल्या खर्चाच्या यादीत लिहा.

फ्रँचायझीची जाहिरात पाहून मोहात पडला असाल तर हाच कागद समोर घ्या. सुरुवातीची फी परत मिळते का, यंत्रं त्यांच्याकडूनच घ्यावी लागतात का, आणि रॉयल्टी विक्रीवर आहे की नफ्यावर, हे तीन प्रश्न विचारा. ती बहुतेकदा विक्रीवर असते. ६ टक्के म्हणजे ८० मागे ४ रुपये ८० पैसे, तोटा झाला तरी. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे करारात जे लिहिलेलं आहे तेवढंच तुमचं संरक्षण. त्यांच्या चालू शाखांपैकी दोन मालकांशी, कंपनीने न सुचवलेल्या, स्वतः जाऊन बोला.

आधी लहान करून पाहा

मला विचाराल तर पहिलं वर्ष डब्याचं करावं. भांडवल कमी, पैसे आगाऊ, आणि चाळीस घरांची चव, वेळ, तक्रार शिकता येते. तेही एकदम चाळीस घेऊन नको. सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ओळखीतून दहा जणांना एका महिन्याचा डबा विका. ‘चव कशी वाटली?’ हे विचारून काही कळत नाही. आपल्या ओळखीची माणसं छानच म्हणतात. दुसऱ्या महिन्याचे पैसे किती जणांनी आगाऊ दिले, ते मोजा. दहापैकी सात-आठ जणांनी दिले तर पुढे जा. चार जणांनीच दिले तर थांबा आणि सोडून गेलेल्या सहा जणांना कारण विचारा. भाव, वेळ, तोच तोच मेनू, तेल, यांतलं काय ते त्यांच्याकडूनच कळेल. या प्रयोगात सगळे पैसे बुडाले तरी पंधरा-वीस हजारांच्या वर जात नाहीत.

पावसाळ्यात भाजी कडाडते तेव्हा काय करायचं हेही याच काळात कळतं. दहा रुपयांची भाजी सोळा झाली की काउंटरचे ३४ थेट २८ वर येतात. डब्याचा भाव तर महिनाभर बदलता येत नाही. मग कडधान्यांच्या उसळी, पिठलं, वड्यांची आमटी यांचे दिवस वाढवायचे, आणि ते मेनूत आधीच सांगून ठेवायचं. श्रावणात आणि चातुर्मासात कांदा-लसूण नसलेली भाजी मागणारे येतात, त्यांच्यासाठी वेगळी कढई परवडते का तेही पाहा.

डबे चाळिसाच्या पुढे स्थिर झाले आणि तरी काउंटर हवंसं वाटलं, की मग गाळा. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे आपल्या उदाहरणात पाचशे-साडेपाचशे रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. एजंटची एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली आणि करार करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: गाळ्यात भट्टी आणि धूर काढायचा पंखा लावायला मालकाची आणि सोसायटीची संमती, सोडून जाताना अनामत किती दिवसांत परत मिळणार, आणि लॉक-इन, म्हणजे गाळा मध्येच सोडता न येण्याची मुदत, किती. लॉक-इन तीन महिन्यांहून जास्त असेल तर अडून बसा. हातातली शिल्लकही तीनच महिन्यांची आहे.